बिडी सुटली आणि रक्त पातळ झालं

गंगापूर रोडच्या मागच्या अंगाला ज्या पाच-सहा कॉलन्या आहेत, त्यांच्या नळांना सकाळी पाणी येतं ते निवृत्ती पगारे यांच्या हाताने. महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात ते एकतीस वर्षं व्हॉल्व्हमन आहेत. खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी, पायात रबरी बूट आणि डोक्यात जमिनीखालचा सगळा नकाशा. कुठली लाईन कुठे वळते, कुठल्या सोसायटीने पाया खोदताना कुठला पाईप दाबून टाकला, हे कागदावर सापडायचं नाही. पगारेंना विचारलं की ते बुटाच्या टोकाने जागा दाखवतात.

पगारेंशी सुलाबाईंचं लग्न झालं तेव्हा ही नोकरी म्हणजे नळ सोडायचा आणि बंद करायचा, एवढीच त्यांना वाटली होती. सायखेड्याला माहेरी तशीच सांगितली होती. "जावई पाणी सोडतो म्हणे," असं म्हणून त्यांचे काका मांडवात हसले होते. मग एकदा निवृत्ती डबा विसरले म्हणून त्या त्यांच्या कामावर गेल्या, तर हा माणूस भर रस्त्यात गुडघ्यावर बसलेला, मान वाकडी केलेली. सुलाबाई धावल्या. जवळ जाऊन बघतात तर चावीचं खालचं टोक चेंबरमध्ये टेकवलेलं आणि वरच्या टोकाला यांचा कान.

"अहो, काय झालं?"

"गप. बोलतंय ते."

"कोण बोलतंय?"

"पाणी. गळतंय कुठंतरी."

ते उठले, चाळीसेक पावलं चालले, पुन्हा चावी टेकवली, पुन्हा ऐकलं आणि बरोबरच्या माणसांना म्हणाले, "खोदा इथं." वर कोरडी ठणठणीत माती होती. कमरेएवढं खोदल्यावर पाईपला बोटाएवढी चीर सापडली. सुलाबाई डबा हातात धरून बघत राहिल्या. आपण ज्याच्या ताटात भाकरी वाढतो त्याला जमिनीच्या पोटातलं ऐकू येतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि ते नवल पुढे कधी ओसरलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी याच माणसाच्या छातीतला व्हॉल्व्ह निकामी झाला. लहानपणी सांधे धरून ताप यायचा. त्या तापाने हृदयाची झडप खराब करून ठेवली होती, ते चाळिशी उलटल्यावर धाप लागायला लागली तेव्हा समजलं. ऑपरेशन करून धातूची झडप बसवली. खात्यातला मुकादम राकेश भेटायला आला आणि खाटेशी उभा राहून म्हणाला, "पगारेभाऊ, आता तुमच्या व्हॉल्व्हची चावी कोणाकडं?"

"ही काय, शेजारी बसलीय," निवृत्ती म्हणाले. टाके ओले होते, तरी हसले.

ती झडप वाजते. शांत खोलीत मनगटी घड्याळासारखी टिक टिक ऐकू येते. कॉलनीतल्या बुद्धविहारात ध्यानाला सगळे डोळे मिटून बसले की नवीन आलेली पोरं हळूच भिंतीवर घड्याळ शोधतात. भिंतीवर घड्याळ नाही.

धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवावं लागतं. त्याची गोळी रोज संध्याकाळी एकाच वेळेला, जन्मभर. दर महिन्याला रक्त तपासायचं. आयएनआर नावाचा आकडा येतो. यांचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे राहायला हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर कुठूनही रक्त सुटायची भीती. पालेभाजीनेसुद्धा तो हलतो, म्हणून सुलाबाई नऊ वर्षं मेथीची जुडी मोजून करतात. मंगळवारी एक, शुक्रवारी एक. गावाहून कोणी ताजी मेथी पोतं भरून आणली तरी ती शेजारी वाटली जाते.

एवढं सगळं नेमाने करणाऱ्या या घरात एकच गोष्ट खोटी होती.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी बजावलं होतं, "बिडी आजपासून बंद. ओढायचीच असेल तर मी छाती कशाला उघडू?" निवृत्तींनी तीन महिने शब्द पाळला. मग कामावर रुजू झाले. पहाटेची वेळ, टाकीच्या मागची ओळखीची पायरी, टाकी भरेपर्यंतचा मोकळा अर्धा तास. एक ओढली. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "बिडी?"

"नाही साहेब. सुटली."

शेजारी सुलाबाई बसल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टरांनी फाईलवर लिहिलं की धूम्रपान सोडलं. पुढच्या वेळी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. दोन वर्षांनी डॉक्टरांनी विचारायचंही सोडलं.

खोटं एकदा कागदावर चढलं की त्याला पाय फुटतात. विहाराच्या मंडळाने व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठेवला आणि पगारेंना पुढे बसवलं. मरणाच्या दारातून परत आलेला, तीस वर्षांची बिडी एका दिवसात सोडलेला माणूस! टाळ्या पडल्या. मग दर वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या धम्मश्रवणाच्या तीन महिन्यांत, एका रविवारी त्यांचं चार शब्दांचं भाषण ठरूनच गेलं. त्यांची लेक चैताली प्राथमिक शाळेत शिकवते, ती वर्गात पोरांना वडिलांचीच गोष्ट सांगते. त्या भाषणाच्या दिवशी सुलाबाई मुद्दाम मागच्या रांगेत बसायच्या.  घरी आल्यावर बोलायच्या, "चौथं शील काय म्हणतं? खोटं बोलू नये. तुम्ही माईकवर बोलता."

"मग काय करू? उतरू खाली? सोडतो ना लवकरच. सोडली की खोटं नाही राहणार."

असं करता करता आठ वर्षावास गेले.

यंदा आषाढ पौर्णिमेला विहारात भंतेजींनी सगळ्यांना सांगितलं की तीन महिन्यांसाठी एकेकाने एकेक संकल्प घ्या, झेपेल तेवढाच घ्या, पण घ्याल तो पाळा. निवृत्ती घरी आले, शर्ट खुंटीला लावला आणि पाठमोरे असतानाच म्हणाले, "सुला, यंदा खरंच सोडतो."

सुलाबाई भाकऱ्या थापत राहिल्या. हे वाक्य त्यांनी पुष्कळ वेळा ऐकलं होतं.

पण या खेपेला ते नुसते बोलून थांबले नाहीत. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दवाखान्यात तंबाखू सोडवायचं केंद्र आहे, तिथे गेले. कॉलनीतलं कोणी भेटू नये म्हणून एवढ्या लांब. तिथल्या समुपदेशक आरोही मॅडमनी सगळं विचारून घेतलं. दिवसाला किती, पहिली किती वाजता, किती वर्षं. मग विचारलं, "दुसरी काही औषधं चालू आहेत? काही ऑपरेशन?"

निवृत्तींनी शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं. छातीवरचा व्रण झाकला होता. हृदयाचं सांगितलं तर हे हृदयाच्या डॉक्टरांना फोन करतील आणि नऊ वर्षांचं सगळं बाहेर पडेल, या भीतीने ते म्हणाले, "नाही मॅडम. काही नाही."

तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. पहिला आठवडा गोळी घेत बिडी ओढली तरी चालेल, आठव्या दिवशी बंद. एकूण बारा आठवडे. बारा आठवडे म्हणजे जवळजवळ वर्षावासाएवढेच की! सुलाबाईंच्या अंगावर काटा आला. जणू कोणी मापच घेऊन दिलं होतं.

आणि सुटली. चाळीस वर्षांची बिडी, आठव्या दिवशी, गुरुवारी, सुटली.

सोपं नव्हतं. चिडचिड व्हायची. चित्रविचित्र स्वप्नं पडायची, ती सकाळी चहाबरोबर सांगायचे. एकदा स्वप्नात सगळ्या गंगापूर रोडच्या नळांना ताक आलं होतं. पण दहा-बारा दिवसांनी जेवताना थबकले आणि म्हणाले, "आज डाळीत काय घातलं?"

"रोजचंच. कोथिंबीर."

"कोथिंबिरीला असा वास असतो?"

सुलाबाईंनी तोंड फिरवलं, डोळे पुसायला. एवढा मोठा झालेला माणूस कोथिंबिरीचा वास नव्याने शिकत होता. संध्याकाळी वंदनेला बसताना त्यांनी दोन फुलं जास्त वाहिली.

दोन आठवड्यांनी दात घासताना निवृत्तींच्या ब्रशला रक्त लागलं. ब्रश कडक असेल म्हणून नवा आणला. मग दंडावर निळा डाग दिसला. चावी लागली असेल. मग मांडीवर तळहाताएवढा, जांभळा. तिथे काय लागलं ते त्यांनाही आठवेना. महिन्याची रक्ततपासणी या सुमाराला व्हायची, पण विहारात रोजचं ग्रंथवाचन होतं, कामावर एक माणूस रजेवर होता, आणि खरं म्हणजे निवृत्तींना डॉक्टरांसमोर जायचंच नव्हतं. "पुढल्या आठवड्यात करू," म्हणत दिवस ढकलले.

सुलाबाईंचा जीव थाऱ्यावर राहिना. त्यांनी मनातल्या मनात सगळं मांडून पाहिलं. खाणं तेच. मेथी तीच. रक्ताची गोळी तीच, त्याच वेळेला. बदल एकच झालाय, बिडी गेली आणि नवी गोळी आली. नऊ वर्षं हा माणूस लपून बिडी ओढत होता, तेव्हा रक्ताचा थेंब सांडला नाही. चांगलं वागायला लागला आणि अंगावर डाग उठायला लागले. हा कुठला न्याय?

मग सुलाबाईंनी एक गोष्ट केली. पदर कपाळापर्यंत ओढून त्या कोपऱ्यावरच्या पानटपरीवर गेल्या. जन्मात पहिल्यांदा. "बिडीचं बंडल द्या एक."

"मावशी, कोणाला?"

"पाहुणे आलेत," त्या म्हणाल्या, आणि परत येताना वाटभर त्यांना जाणवत राहिलं की आपणही खोटं बोललो.

दुपारी चैताली शाळेत होती. निवृत्ती पहिली पाळी संपवून जेवले होते. सुलाबाईंनी ताट उचललं आणि त्या जागी बंडल ठेवलं. वर आगपेटी.

निवृत्ती बंडलाकडे बघत राहिले, मग बायकोकडे. "हे काय?"

"ओढा एक."

"डोकं फिरलं का तुझं?"

"फिरलंच हाय. नऊ वर्षं मी तुमच्या पाया पडले, सोडा म्हणून. आता मीच आणून देते. ओढत होता तेव्हा धडधाकट होता. मला जिवंत नवरा पाहिजे, शीलवंत मेलेला नको."

निवृत्तींचा हात हलला. बंडलाच्या दिशेने हलला, हे सुलाबाईंनी पाहिलं. मग तो हात मुठीत वळला आणि मांडीवर गेला.

"उचल ते."

"मग ती नवी गोळी बंद करा. तिचंच असणार हे."

"ती बंद केली तर उद्या हे बंडल मी स्वतःच आणेन. मला माझी खात्री नाही."

"मग रक्ताची तरी दोन-चार दिवस नका घेऊ. रक्त घट्ट होईल जरा."

"आणि व्हॉल्व्ह जाम झाला म्हणजे? एका दिवसात माणूस आडवा होतो, डॉक्टरांनी सांगितलंय."

"अहो, मग डॉक्टरांकडंच जाऊ ना!"

निवृत्तींनी आगपेटी बंडलावरून बाजूला सरकवली. मग हळू आवाजात म्हणाले, "जाऊन सांगू काय? काय बदललं विचारतील. बिडी सोडली म्हणून सांगू? त्यांच्या कागदावर ती नऊ वर्षांपूर्वीच सुटलीय."

सुलाबाई खाली बसल्या. एवढी मोठी अडचण आणि ती एवढी साधी होती. जे खरं घडलं ते सांगायला जागाच उरली नव्हती, तिथे आधीच खोटं बसलेलं होतं. त्यांनी बंडल उचललं, मोरीत नेलं, पाण्यात भिजवलं आणि कचऱ्यात टाकलं. भिजलेल्या पानांचा वास घरात पसरला. निवृत्ती उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी सोडून परत येताना, त्यांच्या नाकातून रक्त सुरू झालं. रुमाल भरला, टॉवेल भरला, थांबेना. चैताली शाळेला निघाली होती. तिने पर्स तशीच फेकली, रिक्षा आणली आणि दोघांना घेऊन दवाखाना गाठला. नाकाला दाब देऊन, पट्टी कोंबून रक्त थांबवलं. तासाभराने रक्ताचा अहवाल घेऊन हृदयाचे डॉक्टर स्वतः आले.

"सहा पॉईंट दोन," ते म्हणाले. "पगारे, नऊ वर्षांत तुमचा आकडा चारच्या वर गेला नव्हता. काय केलंत?"

एकेक करून त्यांनी विचारायला सुरुवात केली. अंगदुखीची गोळी घेतली? अँटिबायोटिक? काढा, चूर्ण, कोणाचं झाडपाल्याचं औषध? दारू? पालेभाजी बंद केली? सुलाबाई प्रत्येकाला मान हलवत होत्या, नाही, नाही, नाही.

"सर, पप्पांना कुठलंच व्यसन नाही," चैताली म्हणाली. "बिडीसुद्धा नऊ वर्षांपूर्वी सोडली त्यांनी. मी माझ्या वर्गात मुलांना त्यांचंच उदाहरण देते."

"ते माझ्याकडे आहेच लिहिलेलं," डॉक्टर फाईल चाळत म्हणाले.

खोलीत पानांची सळसळ झाली आणि थांबली. त्या शांततेत निवृत्तींची छाती तेवढी वाजत होती. सुलाबाईंनी पाहिलं, नवरा लेकीकडे बघतो आहे. तिचा चेहरा अभिमानाने आणि काळजीने कसा झाला होता! तो चेहरा आता बदलणार, हे त्याला ठाऊक होतं. सुलाबाईंना वाटलं, हा गप्प बसेल. बसला तरी कोण दोष देणार? आपण नाही देणार.

"साहेब," निवृत्ती म्हणाले. नाकात पट्टी असल्यामुळे आवाज घोगरा आला. "तिथं खोडा. ते खोटं आहे. बिडी मी पस्तीस दिवसांपूर्वी सोडली. तोवर रोज ओढायचो. बारा-पंधरा. सोडायला गोळ्या घेतोय, त्या केंद्रावर पण तुमच्या गोळीचं सांगितलं नाही. दोन्हीकडं खोटं बोललोय."

"मी पण, साहेब," सुलाबाई म्हणाल्या. "दर वेळेला मी शेजारीच बसलेली असायचे."

चैतालीने वडिलांकडे पाहिलं नाही. ती खिडकीपाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली.

डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं, आणि ते रागावलेच. "मला फसवलंत ते एक सोडा. पण तिथेही सांगितलं नाहीत? घरी आपल्या मनाने कुठली गोळी बंद तर नाही केली ना?"

"नाही साहेब."

"तेवढं एक बरं केलंत." ते खुर्ची ओढून बसले. राग उतरल्यावर त्यांच्या बोलण्यात वेगळीच गोडी आली. "नीट ऐका. या रक्ताच्या गोळीचा निचरा शेवटी लिव्हर करतं. बिडीच्या धुराने लिव्हरचं ते काम जलद होतं, म्हणजे गोळीतला काही भाग लवकर नाहीसा व्हायचा. मला धुराचं माहीत नव्हतं. मी आकडा बघायचो, कमी दिसला की डोस वाढवायचो. असं करत आपण आकडा बरोबर जुळवला. आता धूर थांबला, लिव्हर आपल्या मूळच्या चालीवर आलं. गोळी तेवढीच, पण रक्तात उरते जास्त. सगळ्यांचंच इतकं वाढतं असं नाही. तुमचं वाढलं."

निवृत्ती एकदम उठून बसले. नर्सने दाबून धरलं तरी बसले.

"म्हणजे साहेब, चोरीचं कनेक्शन होतं!"

"काय?"

"लाईनवर एखाद्यानं चोरून नळ जोडलेला असतो. आम्हाला दिसत नाही. शेवटच्या घरांना पाणी कमी जातं म्हणून आम्ही व्हॉल्व्ह आणखी दोन आटे उघडतो. मग सगळं बरोबर चालतं, वर्षानुवर्षं. एक दिवस ते चोरीचं कनेक्शन कोणी बंद करतं. आम्हाला सांगत नाही. आम्ही व्हॉल्व्ह तेवढाच उघडतो. मग पाणी जातं कुठं? सांधे फुटतात, साहेब! जिथं पाईप कच्चा तिथून फुटतो. हिरड्या, नाक…" त्यांनी स्वतःच्या जांभळ्या दंडाकडे असं पाहिलं की जणू तो दंड त्यांच्याच हद्दीतला रस्ता होता. "माझ्याच लाईनवर होतं, आणि मला ऐकू नाही आलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "पगारे, वीस वर्षं हे मी पेशंटना समजावतोय. इतकं सोपं मला सांगता आलेलं नाही."

"मग ती नवी गोळी बंद करायची का, साहेब?" सुलाबाईंनी धीर करून विचारलं.

"अजिबात नाही. तिच्यावर आळ घेऊ नका. ती या रक्ताच्या गोळीत फारशी ढवळाढवळ करत नाही. बिडी सोडायची दुसरी एक गोळी असते, तिने कधी कधी आकडा हलतो. पण कुठलीही सुरू केली, बंद केली, तर आधी मला कळलं पाहिजे. आणि बिडी सोडायच्या आधी कळलं असतं तर आठवड्याला एकदा रक्त बघत डोस हळूहळू कमी केला असता. नाकातून रक्त यायची वेळच आली नसती. बिडी सोडली हे तुम्ही उत्तम केलंत. लपवलंत ते वाईट."

आज आणि उद्या रक्ताची गोळी नाही, शनिवारी पुन्हा तपासणी, मग नवा, कमी डोस. पुढचे काही आठवडे दर आठवड्याला रक्त. तो दिवस दवाखान्यातच काढायचा. डॉक्टरांनी तिथूनच केंद्रावर फोन लावला. आरोही मॅडमचा आवाज बाहेर ऐकू येत होता. फाईलवरची जुनी ओळ डॉक्टरांनी आडवी खोडली आणि वर यंदाची तारीख लिहिली.

सुलाबाई कोपऱ्यातल्या बाकावर बसून होत्या. त्यांच्या मनात भीती होती, लाज होती, पण त्या सगळ्यांच्या वर काहीतरी मोठं भरून आलं होतं. भंतेजी सांगतात, हे असलं की ते असतं, हे गेलं की ते जातं. इतकी वर्षं त्यांनी ते हात जोडून ऐकलं होतं. आज ते त्यांच्या नवऱ्याच्या देहात घडताना दिसलं. पहाटे टाकीमागे बसून सोडलेला धूर, तो हवेत विरून गेला असं त्यांना वाटायचं. तो कुठेच गेला नव्हता. तो लिव्हरपर्यंत गेला, लिव्हरातून गोळीपर्यंत, गोळीतून रक्ताच्या थेंबापर्यंत, थेंबातून डॉक्टरांच्या कागदावरच्या आकड्यापर्यंत. आणि गेला तेव्हाही नुसता गेला नाही, वाटेतल्या प्रत्येक गोष्टीला हलवून गेला. एका माणसाच्या कातडीच्या आत एवढी मोठी व्यवस्था, दिवसरात्र, कोणी न सांगता चाललेली! त्यांनी नकळत हात जोडले. समोरून जाणाऱ्या वॉर्डबॉयला वाटलं आपल्यालाच, त्यानेही जोडले.

शनिवारी आकडा तीन पॉईंट आठवर आला. रक्ताच्या गोळीचा नवा, कमी डोस सुरू झाला. चैताली मात्र बोलत नव्हती. औषधं वेळेवर आणून द्यायची, तपासणीला रिक्षा आणायची, पण शब्द नाही. "जेवतेस ना?" म्हटलं तर पानावर येऊन बसायची. "माझ्या वर्गातल्या चाळीस पोरांना मी काय सांगू?" एवढंच एकदा आईला म्हणाली, तेही भांडी विसळताना.

आणि रविवारी विहारात निवृत्तींचं भाषण ठरलेलं होतं.

"तब्येतीचं कारण सांगा," सुलाबाई म्हणाल्या. "खरंच कारण हाय. यात खोटं काय नाय."

"कारण खरं असेल, पण मी ते खोट्यासाठी वापरेन," निवृत्ती म्हणाले आणि पांढरा सदरा मागितला.

विहार भरलेला होता. सुलाबाई यंदा मागे बसल्या नाहीत. चैताली आली, पण दारापाशी उभी राहिली. निवृत्तींनी त्रिसरण झाल्यावर माईक धरला.

"जयभीम. आठ वर्षं मी इथं उभा राहून सांगितलं की मी बिडी सोडली. मी सोडली नव्हती. तुमच्या टाळ्या मी चोरून घेतल्या. यंदा सोडली. अडतीस दिवस झाले. औषधानं सोडली, माझ्या हिमतीनं नाही. आणि डॉक्टरांपासून लपवली म्हणून नाकातोंडातून रक्त येईपर्यंत वेळ आली. तुमच्यापैकी कोणी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल आणि बिडी, सिगरेट ओढत असेल, तर सोडा. पण सांगून सोडा. दोन्ही डॉक्टरांना सगळं सांगा. पाचवं शील, नशा न करायचं, मी धरलं, पण जीव वाचवला चौथ्यानं, खोटं न बोलायच्या."

टाळ्या पडल्या नाहीत. कोणी चुळबुळ केली, मंडळातल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पहिल्या रांगेतून भागुबाईंचा आवाज आला. कॉलनीत सगळ्यांत म्हाताऱ्या त्या, कान कमी, नाक शाबूत.

"आरं निवृत्ती, मला ठावं होतं."

"काय आजी?"

"बिडीचं. वंदनेला शेजारी बसायचास, सदऱ्याला लय वास यायचा. मी म्हनलं, आज ना उद्या बोलंल. आठ वर्सं लावलीस, मेल्या."

हशा फुटला. निवृत्तींनाही हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांनी माईक बाजूला करून सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. सुलाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. जमिनीखालचं ऐकणारा, छातीत धातू घेऊन फिरणारा हा माणूस त्यांनी तीस वर्षं पाहिला होता. पण भरल्या विहारात स्वतःला उघडा करून उभा राहिलेला हा त्यांना नवाच होता. एवढं बळ याच्यात कुठे होतं? कुठल्या पाईपात?

कार्यक्रम संपल्यावर तिघं घराकडे निघाले. निवृत्ती मधे, दोघी दोन बाजूंना. कॉलनीचं वळण आलं. मग चैताली समोरच बघत म्हणाली, "पप्पा, अडतीस नाही. एकोणचाळीस. आजचा दिवस धरला नाहीत तुम्ही."

निवृत्ती थांबले. तीन दिवसांत लेकीचा हा पहिला शब्द होता.

"आजचा अजून संपायचाय," ते म्हणाले.